साडेसहा महिने: आहारतज्ज्ञांची वही आणि चारभिंतीची चढण

परवा ९ ऑगस्टला आहारतज्ज्ञांकडची माझी सहावी भेट झाली. घरी आल्यावर जानेवारीपासूनचे सगळे कागद एकत्र लावले आणि हे लिहायला बसले. जानेवारीत पहिल्यांदा घाबरले होते तेव्हा मी रात्र रात्र मोबाइलवर वाचायचे. सापडायचं ते ‘महिन्यात दहा किलो’वालं, नाहीतर कळणार नाही अशा डॉक्टरी भाषेतलं. नोकरी आणि स्वयंपाक दोन्ही करणाऱ्या बाईने कुठे जायचं, किती पैसे लागतात, मध्येच सगळं बंद पडलं तर काय करायचं, हे कुणी सांगत नव्हतं. म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहिते आहे.

मी ४७ वर्षांची. साताऱ्यात शाहूपुरीत राहते, सरकारी कार्यालयात लिपिक आहे. घरी हे, सासूबाई (त्यांना मी आईच म्हणते) आणि पुण्यात शिकणारा मुलगा. तो शनिवारी येतो, रविवारी रात्री जातो.

आमच्याकडे चाळिशीनंतरच्या कर्मचाऱ्यांना ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करून घेता येते आणि तिचा खर्च मिळतो. मी हे दोन वर्षं टाळलं होतं. या वेळी शेजारच्या टेबलावरच्या मॅडम जाणार होत्या, म्हणून त्यांच्यासोबत २१ जानेवारीला गेले. यादीतल्या प्रयोगशाळेत ३,१५० रुपये भरले, उपाशीपोटी रक्त दिलं, जेवून दोन तासांनी पुन्हा दिलं. दोन दिवसांनी अहवाल आला. हिमोग्लोबिन १०.४. उपाशीपोटी साखर ११२, जेवणानंतरची १५८. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ६.२. वजन ७१ किलो, उंची १५५ सेंटिमीटर, कंबर ९४.

माझे वडील मधुमेहाने गेले. शेवटच्या वर्षात त्यांच्या पायाची जखम मी रोज धुतली आहे. तो कागद मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचला आणि पुन्हा टेबलावर येऊन बसले, पण दिवसभर एकही पत्र नीट नोंदवता आलं नाही.

२५ जानेवारीला फिजिशियनकडे गेले, फी ५०० रुपये. त्यांनी शांतपणे समजावलं. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी, ६.५ किंवा त्याच्या वर गेलं की मधुमेह. शरीरात लोह कमी असलं तर हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो, म्हणून रक्त वाढवून पुन्हा तपासायचं. ‘पण उपाशीपोटीची साखरसुद्धा शंभरच्या वर आहे, त्यामुळे हे सोडून देण्यासारखं नाही,’ असंही ते म्हणाले. बायकांचं हिमोग्लोबिन निदान १२ हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे आमच्या शाखेतल्या प्रत्येक दुसऱ्या बाईला हे असू शकतं. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे त्यांनी आवर्जून विचारलं. मी ‘हो’ म्हटल्यावर सोनोग्राफी सांगितली. ती १,२०० रुपयांत झाली आणि नॉर्मल आली. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. साखरेसाठी औषध दिलं नाही. ‘तीन महिने आहार आणि व्यायाम, दोन्ही. एक धरून दुसरं सोडलंत तर मग मला गोळी लिहावी लागेल.’

एक धरून दुसरं सोडणं मी आधी करून पाहिलेलं होतं. २०२२ मध्ये कुणीतरी पाठवलेला आहाराचा तक्ता लावला होता. सकाळी ओट्स, दुपारी सॅलड, रात्री सूप. घरच्यांसाठी रोजचा स्वयंपाक करून वर स्वतःसाठी हे वेगळं शिजवायचं. अकरा दिवसांत दमले. २०२३ मध्ये जिमचे वर्षाचे ९,००० रुपये एकदम भरले. तिथे तासभर ट्रेडमिलवर चालायचे आणि घरी येताना इतकी कडकडून भूक लागलेली असायची की पोवई नाक्यावर वडापाव घ्यायचेच. सात आठवड्यांत वजन अर्धा किलो वाढलं. जाणं बंद केलं, पैसे परत मिळाले नाहीत. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याचेच भरा, एवढं मी कुणालाही सांगेन.

आता आहारतज्ज्ञ शोधायच्या होत्या. पहिल्या ठिकाणी फोन केला तर माझं वय आणि वजन विचारून लगेच २,४०० रुपयांच्या पावडरच्या डब्याचं सांगितलं. मी फोन ठेवला. आमच्या फिजिशियननी सांगितलं होतं की शिक्षण विचारायला लाजू नका. आहारशास्त्रात एम.एस्सी. किंवा पदविका आहे का, रुग्णालयात काम केलं आहे का, नोंदणीकृत आहारतज्ज्ञ आहेत का, आणि काही विकतात का. या चार प्रश्नांवर तीन नावं गळली. चौथ्या मॅडमची वेळ दोन आठवड्यांनंतरची मिळाली, शनिवार ८ फेब्रुवारी. पहिल्या भेटीचे ८०० रुपये, पुढच्या प्रत्येक भेटीचे ४००. तीन महिन्यांचं पॅकेज होतं, पण मी ते घेतलं नाही आणि त्यांनी आग्रहही केला नाही.

वेळ देतानाच त्यांनी फोनवर सांगितलं की येताना तीन दिवसांचं खाणं लिहून आणा, दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. काही बदलू नका, रोज जे खाता तेच खा, फक्त लिहा. चहा, चव बघितलेली आमटी, मुलाच्या ताटात उरलेलं, सगळं. मी मुलाच्या जुन्या वहीत लिहून नेलं.

ती वही त्यांनी पंधरा मिनिटं वाचली. मग विचारलं, ‘तुम्ही जेवायला किती वाजता बसता?’

मला उत्तर देता येईना. आमच्याकडे रात्री साडेआठला यांचं आणि आईंचं पान वाढते. भाकरी गरम लागते म्हणून मी तव्यापाशी. त्यांचं झालं की ओट्यापाशी उभी राहून पातेल्यात उरलेला भात, त्यावर कढईतला रस्सा पळीने खरवडून, मोडलेल्या भाकरीचा तुकडा. कधी डाळ संपलेली असते, कधी भाजी. उसळ असेल तर मोडाची मटकी पुढच्या ताटांत गेलेली असते आणि मला राहतो तो कट. शेवटी दोन घास भात ‘टाकून कशाला द्यायचा’ म्हणून. हे सगळं त्या वहीत मीच लिहिलेलं होतं, पण एकत्र असं कधी वाचलं नव्हतं. मॅडमनी हिरव्या पेनने प्रत्येक ‘उरलेलं’ या शब्दाला गोल केला. तीन दिवसांत अकरा गोल झाले.

त्यांनी मला खूप खाते असं म्हटलं नाही. म्हणाल्या, ‘तुम्ही तुमचं खाणं ठरवतच नाही. घरातल्यांनी काय सोडलं यावर तुमचं जेवण ठरतं.’ मला तिथेच रडू आलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मी शांत होईपर्यंत थांबल्या.

मग हिशेब झाला. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम फक्त चहातून. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर जास्त चांगलं. माझ्या बांध्याच्या बाईला प्रथिनं साधारण ४६ ग्रॅम हवीत, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मोजमापानुसार. मला तिसाच्या आसपास मिळत होती, कारण डाळ, उसळ, अंडं शेवटच्या ताटापर्यंत पोचतच नव्हतं. सकाळचा नाश्ता नाही, दुपारी डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी सातला कुकर लावता लावता फरसाणाच्या डब्यात हात. तेल महिन्याला चार लिटर. तीन माणसं आणि शनिवार-रविवारचा मुलगा, एवढ्या घराला त्यांनी पावणेदोन लिटर सांगितलं. तेलाचा कॅन विकत घेतला त्या दिवसाची तारीख त्यावर लिहायची, एवढीच युक्ती दिली.

पहिल्या दिवशी मिळालेल्या कागदावर चारच ओळी होत्या. एक, रात्री सगळ्यांसोबत बसायचं आणि स्वतःचं ताट सगळ्यांच्या आधी वाढून बाजूला झाकून ठेवायचं. दोन, त्या ताटात वाटीभर घट्ट डाळ किंवा उसळ हवीच. तीन, लोहाची गोळी आणि जेवण यांच्या आगेमागे तासभर चहा नाही, गोळी लिंबूपाण्यासोबत, दुधासोबत नाही. चार, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायचं. भाकरी बंद नाही, भात बंद नाही.

मी जिमचं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘आधी दोन आठवडे पोट भरू दे. उपाशी माणसाला पळवलं की ते घरी येऊन डबेच उघडतं.’ वडापावचं कोडं मला तिथे उलगडलं. पूर्वी मी व्यायाम म्हणजे खाल्लेलं जाळणं असं समजत होते, त्यामुळे जिमला जायचं म्हणून दुपारी कमी खायचे आणि संध्याकाळी सगळं हातून सुटायचं. त्यांनी सांगितलं की चालताना पायाचे मोठे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरची पंधरा मिनिटंसुद्धा उपयोगी. आणि चाळिशीनंतर बायकांचे स्नायू आपोआप कमी होत जातात, पाळी जायच्या सुमारास हाडंही. म्हणून नुसतं चालून भागत नाही, वजन उचलायला हवं. आणि स्नायू बांधायला प्रथिनं हवीत. त्यासाठी ताट आणि व्यायाम हे एकच काम आहे.

घरी हे सांगणं सगळ्यात अवघड होतं. ‘मी माझं ताट आधी वाढून ठेवणार’ हे वाक्य आईंसमोर बोलायला मला तीन दिवस लागले. त्या उभ्या जन्मात कधी सगळ्यांच्या आधी जेवल्या नाहीत. शेवटी अहवालाचा कागदच त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तेव्हा भाकऱ्या करून, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलेल्या होत्या. ‘गरम नसली म्हणून काय झालं, तू बस,’ म्हणाल्या. त्या दिवसापासून तव्यापाशी उभं राहणं संपलं.

पहिला आठवडा डोकं दुखलं, कारण पाच चहांचे दोन केले होते. एकदम तोडू नका, मी चूक केली. तीनवर आठवडाभर थांबायला हवं होतं. लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ झालं, शौचाला काळं झालं. काळं होणं अपेक्षितच असतं, हे आधी माहीत असतं तर घाबरले नसते. मळमळ फार झाल्यावर डॉक्टरांना विचारून गोळी जेवणानंतर घ्यायला लागले.

२६ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती. आमच्याकडे उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स. मॅडमना आधीच मेसेज करून विचारलं होतं. उपवास सोडा असं त्या म्हणाल्या नाहीत. भगर आणि दाण्याची आमटी, ताक, उकडलेलं रताळं, आणि सकाळी राजगिऱ्याच्या लाह्या दुधात. त्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा उपवासाला डोकं चढलं नाही.

८ मार्चला दुसरी भेट. वजन फक्त ४०० ग्रॅम कमी. माझं तोंड उतरलं. त्यांनी वही मागितली आणि पुन्हा हिरवं पेन घेतलं. तीन दिवसांत ‘उरलेलं’ दोनदा. ‘हे बघा,’ म्हणाल्या, ‘हा तुमचा या महिन्याचा निकाल.’ मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, हात छातीवर आडवे घ्यायला सांगितले आणि तीस सेकंदांत किती वेळा उठून बसता येतं ते मोजलं. नऊ. शेवटच्या दोन वेळा गुडघ्यावर जोर देऊन.

त्याच आठवड्यात आमच्या घराजवळच्या हॉलमधला बायकांचा वर्ग लावला. महिन्याला ७०० रुपये, मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी पावणेसात ते साडेसात. शिकवणाऱ्या ताई आधी प्रत्येकीला दुखणी विचारतात, मगच डंबेल हातात देतात. माझ्या हातात पहिल्या दिवशी एकेक किलोचे आले. सगळ्यात जड वाटलं ते स्वतःचं शरीर, भिंतीला हात टेकून ढकलतानासुद्धा. बाकीचे चार दिवस सकाळी पावणेसहाला चालणं. आधी घराभोवती, मग राजवाड्यापर्यंत आणि परत. अर्धा तास, आठवड्याला निदान दीडशे मिनिटं व्हायला हवीत हा हिशेब. बूट २,६०० रुपयांचे घेतले. पैसे वाचवायला मी आधी चपलेवर चालत होते आणि तेच मला महागात पडलं.

झालं असं की मार्चच्या शेवटी हुरूप वाढला. ३० तारखेला पाडवा झाला, श्रीखंड वाटीभर खाल्लं होतं, ते मनाला लागलं म्हणून दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता आमच्या गावातल्या चारभिंती टेकडीची चढण चढले, तीही चपलेवर. वर पोचले, खाली सगळं सातारा उन्हात पसरलेलं, फार बरं वाटलं. उतरताना उजवा गुडघा बोलायला लागला. दोन दिवसांत जिना उतरता येईना. फिजिओथेरपिस्टकडे चार वेळा गेले, प्रत्येकी ३५० रुपये. ५ एप्रिलच्या भेटीत मॅडम पहिल्यांदा थोड्या कडक बोलल्या. ‘श्रीखंडाची शिक्षा म्हणून चढलात ना? शिक्षा म्हणून केलेला व्यायाम टिकत नाही.’ मी आजवर कायम तेच करत आले होते, खाल्लं की शिक्षा. त्या दिवसापासून वहीत खाणं आणि चालणं वेगवेगळ्या पानांवर लिहायला लागले.

गुडघ्याच्या तीन आठवड्यांत चालणं बंद होतं, पण वर्ग बंद केला नाही. बसून करायचे व्यायाम ताईंनी दिले. आणि एक गोष्ट लक्षात आली. मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायाम करून आले की फरसाणाची आठवण येत नव्हती, सरळ जेवणाचीच भूक लागायची. व्यायाम नसलेल्या दिवशी मात्र सातला हात डब्याकडे जायचा. ती भूक नसायचीच. दमणूक असायची, कधी ऑफिसमधलं काही मनात राहिलेलं असायचं. हा फरक मला चाळीस वर्षांत कळला नव्हता. मॅडमना सांगितलं तर त्यांनी साडेपाचचं खाणं ठरवून दिलं. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये मूठभर फुटाणे आणि दाणे, सोबत एखादं फळ. मग घरी पोचेपर्यंत मी माणसात असायचे.

ताटही हळूहळू बदललं. वेगळं काही आणलं नाही. मोडाची मटकी आठवड्यातून दोनदा, कोरेगावकडचा वाघ्या घेवडा रविवारी. आमच्याच जिल्ह्याचा हा घेवडा, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, आणि मी तो वर्षातून दोनदा करायचे. आता रात्री भिजत घालते, सकाळी कुकरला सहा शिट्या, कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि एक पळी तेल, अर्ध्या किलोला पुरतं. सकाळी चालून आलं की दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं. चालायला जाताना अर्धं केळं, कारण रिकाम्या पोटी दोनदा चक्कर आली होती. डब्यात पोळ्या दोनच, पण भाजीच्या बरोबरीने दही किंवा उसळ. जेवताना लिंबाची फोड. पालेभाजी रोज, मेथी, तांदुळजा, चाकवत, मंडईत जे असेल ते.

२६ एप्रिलला दुसरी तपासणी केली, ९०० रुपये. हिमोग्लोबिन ११.५, एचबीएवनसी ६.०, वजन ६८.९. फिजिशियन खूश होते. गोळी नको, चालू ठेवा म्हणाले.

आणि मे महिन्यात सगळं विस्कटलं. माहेरी दोन लग्नं, आंब्याचे दिवस, पाहुणे. सतरा दिवस वर्गाला गेले नाही, वही लिहिली नाही. १० मेची भेट रद्द करावी असं फार वाटत होतं. वजन वाढलं असणार, काय तोंड दाखवायचं. तरी गेले. वजन ६९.६ होतं. मॅडम म्हणाल्या की जे येत नाहीत त्यांना मी मदत करू शकत नाही, तुम्ही आलात. आंबा बंद करायला सांगितला नाही. आमरसाऐवजी कापून, एका वेळी अर्धा, आणि जेवणावर नाही, दुपारच्या खाण्याला. लग्नात काय करायचं तेही ठरलं. जाण्याआधी घरी वाटीभर उसळ खाऊन जायचं आणि पंगतीत बसल्यावर जे मनापासून आवडतं ते एकच गोड घ्यायचं. दुसऱ्या लग्नात मी फक्त जिलेबी खाल्ली आणि ती सावकाश खाल्ली. बिघडलेल्या महिन्यातली भेट रद्द करू नका, हे मी खूप मनापासून सांगते. माझी सगळ्यात उपयोगाची भेट तीच होती.

याच महिन्यात तपासणीच्या खर्चाचा अर्जही परत आला होता. पावतीवर प्रयोगशाळेचा शिक्का होता पण सही नव्हती. पुन्हा जाऊन सही आणली, अर्ज तीन प्रतींत दिला, ३,१५० रुपये जूनच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर जमा झाले. ज्या मैत्रिणींना असा खर्च मिळत असेल त्यांनी पैसे भरतानाच पावतीवर सही, शिक्का आणि तपासण्यांची वेगवेगळी नावं आहेत का ते पाहावं. आहारतज्ज्ञांची फी मात्र यात मिळाली नाही, आणि आमच्या विम्यातही नाही. ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जावं. तिथे तिशीपुढच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर मोफत तपासतात. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंना मी तसंच पाठवलं.

जून-जुलैत साताऱ्याचा पाऊस. सकाळचं चालणं अशक्य. १४ जूनला मॅडमनी जिन्याचा उपाय दिला. आमची इमारत तीन मजल्यांची, सकाळी दहा फेऱ्या, गुडघा जपत. उतरताना कठड्याला धरून. यांनी सुरुवातीला नुसतं दारात उभं राहून फेऱ्या मोजल्या, मग तेही चढायला लागले. रविवारी पाऊस उघडला की दोघं बूट घालून चारभिंतीपर्यंत जायचो, या वेळी थांबत थांबत. मार्चच्या शेवटी ज्या वळणावर मला दोनदा बसावं लागलं होतं तिथे जुलैमध्ये मी बोलत बोलत पुढे गेले आणि वळण मागे पडल्यावर ते लक्षात आलं.

६ जुलैला आषाढी एकादशी. भगर आईंनी केली आणि माझं ताट त्यांनीच आधी वाढून झाकून ठेवलं.

२ ऑगस्टची तपासणी, पुन्हा ९०० रुपये. एचबीएवनसी ५.८, उपाशीपोटी साखर ९९, हिमोग्लोबिन १२.१, वजन ६६.४, कंबर ८७. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० च्या आत हवी असं सांगतात, म्हणजे अजून बरंच अंतर आहे. एचबीएवनसीही अजून रेषेच्या किंचित वरच आहे, आणि त्यातली थोडी घट रक्त वाढल्यामुळेही असेल, हे फिजिशियननी प्रामाणिकपणे सांगितलं. पण उपाशीपोटीची साखर खाली आली, ती आहार आणि व्यायामामुळे. लोहाची गोळी अजून काही आठवडे चालू राहील. खुर्चीवरून तीस सेकंदांत आता सोळा वेळा उठते. हातात तीन-तीन किलोचे डंबेल आहेत. तेलाचा कॅन पाच लिटरचा, त्यावर २९ मे तारीख आहे आणि अजून तळाशी तेल आहे.

खर्च पूर्ण सांगते, कारण मला तो कुणी सांगितला नव्हता. आहारतज्ज्ञ २,८००, वर्गाचे सहा महिन्यांचे ४,२००, बूट २,६००, फिजिओथेरपी १,४००, दोन तपासण्या १,८००, सोनोग्राफी १,२००, फिजिशियन तीन वेळा १,५००, लोहाच्या गोळ्या ७५० च्या आसपास. म्हणजे १६,२५० रुपये, पहिली तपासणी सोडून. घरातला फरसाण, वेफर्स, बेकरीचा खर्च महिन्याला सातशे-आठशेने कमी झाला, तो मी यातून वजा केलेला नाही.

९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. मॅडमना विचारलं, आज नारळी भात करणार आहे, किती खाऊ? म्हणाल्या, आधी उसळ आणि कोशिंबीर, मग वाटीभर भात, बसून. पुढची भेट आता तीन महिन्यांनी.

संध्याकाळी जेवताना आईंनी विचारलं, ‘तुझ्या त्या बाईंची वेळ मला मिळेल का गं?’ त्यांचं वय ७४. दोन वर्षांपासून जमिनीवरून उठताना त्यांना कुणाचा तरी हात लागतो, आणि रात्री त्या चहात पोळी बुडवून खातात, हे मला माहीत होतं. त्यांच्यासाठी विचारायचं मला एवढ्या महिन्यांत सुचलं नव्हतं. २३ ऑगस्टची वेळ घेतली आहे. ८०० रुपये, जुने अहवाल आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यायची. तीन दिवसांचं खाणं लिहायला त्यांनी माझ्याकडून कोरी वही आणि हिरवं पेन मागून घेतलं आहे.